एकोणपन्नासला जीभ अडकते

मी आशाताईंची, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांची, ट्रेनिंग घेते, नवजात बाळाच्या घरभेटींची. आधी बरीच वर्षं नर्सिंगला होते. आता नंदुरबार जिल्ह्यात जास्त फिरणं असतं. मागच्या जुलैत धडगावला रिफ्रेशर, म्हणजे उजळणीचं ट्रेनिंग, होतं त्या दिवसाचं लिहितेय, कारण त्या दिवसापासून मी 'समजलं का?' हा प्रश्न विचारणं बंद केलंय.

३२ जणी होत्या. काही पहाटे चारला उठून, स्वयंपाक करून, पाड्यावरून तास-दीड तास चालत खाली रस्त्याला येऊन मग जीप पकडून आलेल्या. पाऊस चालूच होता, हॉलच्या दारात ओल्या चपलांचा आणि छत्र्यांचा ढीग. मी तळोद्याकडून चांदसैली घाटाने आले, उशीर झाला, त्यामुळे आल्या आल्या प्रोजेक्टर लावला आणि सुरू केलं. ६४ स्लाइड्स होत्या माझ्या. ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशीची भेट, घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीची वेगळी, हे सगळं त्यांना पाठ असतं, तरी मी ते परत सांगत होते आणि दर दोन स्लाइडनंतर 'समजलं का ताई?' आणि सगळ्या एका सुरात 'हो मॅडम'.

मग श्वास मोजायचा भाग आला. बाळाचा एक मिनिटाचा व्हिडिओ आहे माझ्याकडे, उघडी छाती-पोट दिसतं, श्वास घेतला की पोट वर येतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त असले तर परत मोजायचे, दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर बाळाला लगेच दवाखान्यात न्यायचं. न्यूमोनिया किंवा जंतुसंसर्ग असू शकतो आणि एवढ्या लहान जिवाला कधीकधी एक रात्रसुद्धा मिळत नाही. व्हिडिओ संपला, मी विचारलं किती आले? पहिल्या रांगेत गटप्रवर्तक ताई, म्हणजे ह्या आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या, बसल्या होत्या, त्या म्हणाल्या ५२. मग मागून आलं ५२, ५४, ५२, ५३. मी स्वतः तो व्हिडिओ आदल्या रात्री तीनदा मोजला होता, तिन्ही वेळा ६६.

मी लगेच 'चूक, ६६ आहेत' म्हणणार होते, तेवढ्यात लाईट गेली. प्रोजेक्टर बंद, पंखे बंद, पत्र्यावर पावसाचा आवाज इतका की मागच्या रांगेला माझं बोलणंच ऐकू जाईना. आज वाटतं बरं झालं गेली ते. कारण त्या दहा मिनिटांत मी नुसती उभी होते आणि मला प्रश्न पडला की ३२ जणी मोजत असताना सगळ्यांचं उत्तर इतकं जवळजवळ कसं? खरंच मोजलं असतं तर कुणाचे ४० आले असते कुणाचे ७०. एकीने आकडा सांगितला आणि बाकीच्यांनी तो घेतला. त्यात त्या ताईंचा काही दोष नव्हता. मीच प्रश्न असा सगळ्यांसमोर टाकला की मोठ्या माणसाने उत्तर दिल्यावर दुसरी वेगळं बोलणारच नाही, आपल्याकडे घरात तरी कोण बोलतं?

लॅपटॉपला बॅटरी होती. हजेरीच्या रजिस्टरमधली कोरी पानं फाडून चिठ्ठ्या केल्या, आठ-आठ जणींचे चार गट केले, खुर्च्या गोल लावल्या आणि सांगितलं की आता कुणी बोलायचं नाही, नाव लिहायचं नाही, फक्त आकडा लिहायचा आणि घडी घालून माझ्या ओटीत टाकायची. लॅपटॉप चारही गटांत फिरवला.

चिठ्ठ्या उघडल्या. सगळ्यात लहान आकडा ३८, सगळ्यात मोठा १३०. ६२ ते ७० मध्ये फक्त ९ जणी. ६० च्या खाली १९. म्हणजे श्वास वाढलेल्या बाळाला १९ जणींनी 'ठीक आहे' म्हणून घरीच ठेवलं असतं, आणि ह्या सगळ्यांना मी सकाळपासून समजलं का विचारत होते. माझे हात थंड पडले होते खरंच.

मग स्लाइड्स बाजूलाच राहिल्या. मी एकेकीजवळ जाऊन बसले आणि म्हटलं मला मोठ्याने मोजून दाखवा. १३० वालीचं पटकन कळलं, ती पोट वर गेलं की एक आणि खाली आलं की दोन धरत होती. एकीने अर्धंच मिनिट मोजून दुप्पट केलं होतं, पण नवजात बाळ मध्येच काही सेकंद श्वास थांबवतं आणि मग भराभर घेतं, म्हणून पूर्ण मिनिटच मोजावं लागतं. हे पुस्तकात आहे, पण व्हिडिओत त्या थांबलेल्या जागी बोट ठेवून दाखवल्यावर ती 'अच्छा' म्हणाली, आणि तो 'अच्छा' सकाळच्या 'हो मॅडम' सारखा नव्हता.

पण बाकीच्या बऱ्याच जणी बरोबर मोजत होत्या आणि तरी कमी पडत होत्या, ते मला कळेना. एका ताईच्या तोंडाकडे बघत राहिले. तीसपर्यंत मस्त, पोटाबरोबर ओठ. चाळीसच्या पुढे त्रेचाळीस, चव्वेचाळीस... सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास... आणि ती एकोणपन्नास म्हणेपर्यंत बाळाचे दोन श्वास होऊन गेलेले! मिनिटाला ६६ म्हणजे एका श्वासाला सेकंदसुद्धा मिळत नाही. 'एकोणपन्नास', 'त्रेपन्न', 'अठ्ठावन्न' हे शब्द तेवढ्या वेळात बसतच नाहीत, आणि त्यातून ह्यातल्या बहुतेक जणींची घरची भाषा पावरी, ही इथली आदिवासी बोली, मराठी आकडे शाळेत शिकलेले. बाळाचा श्वास जितका वाढलेला तितकी मोजणी मागे पडणार. इतकी वर्षं ट्रेनिंग घेतेय, मला हे एकदाही दिसलं नव्हतं कारण मी कुणाला मोठ्याने मोजायलाच लावलं नव्हतं.

मी विचारलं, मग कसं मोजायचं? आणि गप्प बसले. हे गप्प बसणं फार अवघड असतं, तीन सेकंदात आपल्यालाच बोलावंसं वाटतं. मी मनात वीस मोजले. मग कोपऱ्यातल्या गटातून एक वयस्कर ताई, सकाळपासून एक शब्द न बोललेल्या, हळूच म्हणाल्या, 'मी दहापर्यंतच मोजते. दहा झाले की एक बोट मिटते.' त्यांची चिठ्ठी ६६ होती. मी पुढे या म्हटलं तर त्या लाजून मान हलवायला लागल्या, म्हणून आम्हीच सगळ्यांनी खुर्च्या उचलून त्यांच्याभोवती नेल्या. त्यांनी पावरीत समजावलं, मला अर्धंच कळलं आणि पुरं कळायची गरजही नव्हती, कारण समोर ३१ हात वर आले होते आणि बोटं मिटत होती. एक हात पूर्ण मिटला म्हणजे ५०, दुसऱ्या हाताचं पहिलं बोट मिटलं की ६०, म्हणजे धोका. आकडा लक्षात ठेवायलाच नको.

मला एकदम गडचिरोलीची आठवण झाली. घरी जाऊन नवजात बाळ सांभाळायची ही सगळी पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या तिथल्या 'सर्च' संस्थेच्या कामातून आली, १९९९ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं ते. त्याच्याही आधी त्यांनी गावातल्या दाईंसाठी श्वास मोजायचं मण्यांचं साधन केलं होतं, एक मिनिटाची वाळूचं घड्याळ आणि दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मी ते ट्रेनिंगमध्ये गोष्ट म्हणून सांगायचे. ते तसं का केलं असेल ते त्या ताईंच्या बोटांकडे बघून कळलं.

दुपारच्या चहाला एक तरुण आशा माझ्याजवळ आली. म्हणाली, मॅडम ६७ ची चिठ्ठी माझी होती. मी म्हटलं अगं मग सकाळी तू ५२ म्हणालीस ना? म्हणाली, सगळ्या म्हणत होत्या. थोडा वेळ नुसती कपाकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, मागच्या वर्षी एका घरी माझे ६४ आले होते, माझ्याबरोबर माझ्याहून मोठं माणूस होतं, ते म्हणालं ठीक आहे, मग मी पण ठीक आहे म्हटलं. दोन दिवसांनी त्या बाळाला झोळीत घालून खाली आणावं लागलं. वाचलं बाळ. पण ती हे कुणाला बोलली नव्हती.

चहानंतर मी हे तिचं नाव न घेता, तिला विचारून, सगळ्यांसमोर मांडलं आणि मग उरलेला वेळ आम्ही फक्त एवढंच केलं: जोडीने उभं राहायचं, एक मोठी सिस्टर किंवा बाळाची आजी, दुसरी आशा, आणि आजी म्हणणार 'काही झालं नाही बाळाला', आशाने म्हणायचं 'माझे ६४ आलेत, आपण दोघी मिळून परत मोजू.' पहिल्यांदा ते वाक्य तोंडातून निघेना, आवाज खालीच जायचा. गटप्रवर्तक ताई स्वतःहून आजी झाल्या आणि इतक्या जोरात भांडल्या की सगळा हॉल हसला, पण समोरच्या मुलीने वाक्य पूर्ण म्हटलं.

शेवटी परत चिठ्ठ्या, दुसऱ्या बाळाचा व्हिडिओ. २७ जणी बरोबर उत्तरापासून चार श्वासांच्या आत. राहिलेल्या पाचजणींना मी थांबवून घेतलं. तिघींचं दोन वेळा करून जमलं. दोघींचं जमेचना, बोटं बरोबर मिटत होत्या, दहापर्यंत नीट मोजत होत्या, तरी चुकत होत्या. मी लॅपटॉप हळूहळू मागे सरकवला तर एकदम बरोबर यायला लागलं. दोघी पंचेचाळीसच्या पुढच्या, जवळचं दिसत नव्हतं. घड्याळाचा आकडा नाही, थर्मामीटरचा नाही, आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. त्याच संध्याकाळी गटप्रवर्तक ताईंनी ग्रामीण रुग्णालयात फोन करून चष्म्याच्या तपासणीसाठी दोघींची नावं दिली.