बाईंची पिवळी माती

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं पत्र आलं आणि शाळेबद्दल बरंच काही लिहायचं ठरवलं. पण विज्ञानाच्या बाईंपलीकडे लेखणी सरकेना. बाई म्हणजे कोण, हे आपल्यात सांगायला नको.

आठवीत रसायनशास्त्राची सुरुवात बाईंनी संज्ञा पाठ करून घेऊन केली नाही. चित्रकलेच्या सरांकडून काजळी, चुना, गेरू, पिवळी माती अशा पुड्या आणल्या आणि एकेकीत काय आहे ते वर्षभर शोधायला लावलं. फेरिक क्लोराईडच्या द्रावणात पोटॅशियम फेरोसायनाइडचा थेंब पडला की गर्द प्रशियन निळा उमटायचा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये लाल रंग करायला बसलेल्या माणसाच्या हाती हा निळा लागला, हे सांगताना बाईंचा चेहरा खुलायचा.

पिवळ्या मातीचा तास तर आजही डोळ्यांपुढे आहे. चिमूटभर कोरडी माती परीक्षानळीत घालून स्पिरिटच्या दिव्यावर धरली. पिवळेपणा हळूहळू तांबूस झाला आणि नळीच्या थंड तोंडाशी पाण्याचे थेंब जमले. कोरड्या मातीत पाणी कुठून आलं? बाई उत्तर देईनात. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "ते आत बांधलेलं असणार!" बाईंनी तिला पुढे बोलावलं, त्या तांबड्या भुकटीत डिंकाचं पाणी कालवलं आणि तिच्याकडून कागदावर कमळ काढून घेतलं. "हा रंग विटायचा नाही. या लोखंडाचा जेवढा गंज व्हायचा तेवढा होऊन गेलाय," असं त्या म्हणाल्या. अजिंठ्याच्या सहलीत भिंतींवरचा तांबडा दाखवून त्यांनी एवढंच विचारलं, "ओळखलात ना?"

शेंदूर आणि सफेदा मात्र बंद बाटलीतूनच दाखवले. शिसं अंगात गेलं की निघता निघत नाही, ही ताकीद तेव्हाची. आज मी रंगाच्या कारखान्यात तपासणी विभाग सांभाळतो. 2017 पासून घरगुती रंगात शिसं दशलक्षात 90 भागांहून जास्त चालत नाही. ती मर्यादा पाळली जाते की नाही हे पाहणं माझं काम आहे, आणि या कामाचा मला अभिमान वाटतो.

हल्ली असे प्रयोग पडद्यावर दाखवून उरकले जातात. मला ते पटत नाही. नळीच्या तोंडाशी जमलेला थेंब मुलांनी स्वतः पाहायला हवा. आठवीच्या वर्गासाठी पिवळी माती आणि परीक्षानळ्या दरवर्षी जूनमध्ये मी पाठवीन. मुख्याध्यापकांना तसं कळवलं आहे.