तुम्ही विचारलंत म्हणून: तनाख कुठून वाचायला घ्यावा?

तनाख वाचायचा तर सुरुवात कुठून करू, असं मला वरचेवर विचारतात. विचारणाऱ्याने बहुधा एकदा प्रयत्न केलेला असतो. उत्पत्ती हे पहिलं पुस्तक उत्साहाने वाचून होतं, पण निर्गम या दुसऱ्या पुस्तकात निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू झाली की पुस्तक मिटतं. ज्यूंचा हा धर्मग्रंथ म्हणजे 24 पुस्तकांचा संग्रह आहे. तो पहिल्या पानापासूनच वाचायला हवा असं नाही. मी सांगते, शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातले 11 आणि 12 हे अध्याय आधी वाचा.

दावीद राजा उरीया नावाच्या सैनिकाच्या बायकोला, बथशेबाला, महालात बोलावून घेतो. तिला दिवस जातात. हे झाकायला तो उरीयाला रणांगणावरून बोलावतो आणि घरी जा म्हणतो. उरीया जात नाही. म्हणतो, सारं सैन्य उघड्यावर असताना मी घरी जाऊन खाऊ, पिऊ, बायकोपाशी निजू? शेवटी दावीद सेनापतीला पत्र लिहितो, याला तुंबळ लढाईत पुढे ठेवा आणि तुम्ही मागे सरा. ते पत्र तो उरीयाच्याच हाती पाठवतो. एवढं सगळं होईपर्यंत निवेदक कुणाला बरंवाईट म्हणत नाही. अध्यायाच्या अगदी शेवटी एक वाक्य येतं, की दावीदाने केलं ते परमेश्वराला आवडलं नाही.

मग नाथान हा संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा, येतो. तो राजाला दोष देत नाही, एक फिर्याद सांगतो. एका श्रीमंताकडे गुरंमेंढरं चिक्कार, एका गरिबाकडे एकच मेंढी. ती त्याच्या घासातलं खायची, त्याच्या पेल्यातलं प्यायची, त्याच्या कुशीत निजायची, लेकीसारखी. श्रीमंताकडे पाहुणा आला, तेव्हा त्याने ती गरिबाची मेंढी कापली. दावीद संतापतो, असा माणूस मरणालाच लायक म्हणतो. नाथान म्हणतो, तो माणूस तूच.

उरीयाने उच्चारलेली तीन क्रियापदं, खाणं, पिणं, निजणं, मेंढीच्या वर्णनात त्याच क्रमाने आलेली आहेत. दावीदाला ती ओळखू येत नाहीत. वाचणाऱ्याला येतात, आणि तिथे माझ्या अंगावर अजून काटा येतो.

ऐकणाऱ्याला न्यायाधीश करून त्याच्याच तोंडून निकाल वदवून घेणं, हा तनाखातला एक पक्का कथाप्रकार आहे. दोनच अध्यायांनंतर तकोवा गावची एक बाई त्याच दावीदाला पुन्हा तसंच पकडते. यशया या पुस्तकाच्या 5व्या अध्यायात तर हे काम गाणं करतं. आरंभ प्रेमगीताचा: माझ्या प्रियाचा द्राक्षमळा होता, त्याने दगड वेचले, उत्तम वेल लावले, आणि लागली ती रानद्राक्षं. आता यरुशलेमकरांनो, माझा आणि मळ्याचा न्याय तुम्हीच करा. थोडं पुढे कळतं की मळा म्हणजे तेच लोक. शास्ते या पुस्तकाच्या 9व्या अध्यायातली, योथाम नावाच्या माणसाने सांगितलेली, झाडं राजा शोधतात ती गोष्ट मात्र निराळी. ती उघड बोचरी आहे, डोंगरमाथ्यावरून ओरडून सांगितलेली, आणि सांगून झाल्यावर योथाम पळ काढतो.

आपल्याकडच्या बेने इस्रायल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाने 19व्या शतकात तनाखातल्या कथांवर मराठी कीर्तनं रचली. मला ते फार समर्पक वाटतं, कारण या कथांना समोर बसलेला माणूस लागतोच.

त्यानंतर योना वाचा, चारच अध्याय आहेत. निनवे शहराचा नाश टळला म्हणून रागावून बसलेल्या संदेष्ट्याला देव विचारतो: उजवं-डावं न कळणारी 1,20,000 हून जास्त माणसं आणि पुष्कळ गुरं जिथे आहेत, त्या शहराची मी कीव करू नये? पुस्तक या प्रश्नावर थांबतं, योनाचं उत्तर लिहिलेलंच नाही. योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, दुपारी सिनेगॉग या प्रार्थनास्थळात, उपास धरलेल्या लोकांसमोर, हे पुस्तक वाचतात. त्याच दिवशी सकाळी लेवीय या पुस्तकाचा 16वा अध्याय वाचलेला असतो, प्रायश्चित्ताचा सगळा विधी सांगणारा. योना झाल्यावर तो उघडा. नियम कोणासाठी लिहिलेत हे तोवर तुम्हाला ठाऊक झालेलं असेल.