फ्रीजमागचे पाळीव

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आरोग्य केंद्रातून दोघी जणी डासांच्या अळ्या शोधायला आमच्या घरी आल्या. एकीच्या हातात टॉर्च, दुसरीकडे वही आणि लांब दांड्याचा डाव. मी पायरीवरूनच म्हटलं, "ताई, आमच्याकडे काही मिळायचं नाही. मी बायोलॉजीच्या लॅबमध्ये आहे."

हे मी का म्हटलं, माहीत नाही. गोव्यात, फोंड्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी बावीस वर्षं प्रयोगशाळा सहायक आहे. दर पावसाळ्यात मुलांना डासाची अळी सूक्ष्मदर्शकाखाली लावून देतो. विहिरीला जाळी, टाकीला घट्ट झाकण, अंगणात टायर नाही, त्यामुळे जरा रुबाब चढला असावा.

ताईंनी विहिरीकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि म्हणाल्या, "फ्रीज जरा पुढे घ्या." मागच्या ट्रेमध्ये दोन बोटं पाणी होतं. टॉर्चचा झोत पडल्याबरोबर पाण्यात वळवळ सुरू झाली.

"सर, तुम्ही मोजता की मी मोजू?"

मीच मोजल्या. एकोणीस. आई देवघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. लाज वाटली ती तिची.

पाणी फेकायच्या आधी चार अळ्या मुरांब्याच्या रिकाम्या बरणीत घालून मी दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नेल्या. अळीच्या आठव्या खंडावर कंगव्यासारखी एक ओळ असते. तिचा एकेक दात त्रिशूळासारखा दिसला तर ती एडिस एजिप्टी, साधा सुळ्यासारखा दिसला तर तिची बहीण अल्बोपिक्टस. माझ्या बरणीत चारही त्रिशूळवाल्या निघाल्या. पायांवर पांढरे पट्टे असणारा, दिवसाढवळ्या घोट्याला चावणारा डेंग्यूचा डास.

चार दिवसांनी मुलीला ताप आला. एकशे तीन. डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणाली, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. रक्ताचा रिपोर्ट पॉझिटिव्ह. तिला इस्पितळात ठेवलं. पुढचे पाच दिवस प्लेटलेटच्या आकड्यावर घर उठत-बसत होतं. ताप उतरला म्हणून आम्ही सुटकेचा श्वास सोडला, तर डॉक्टर म्हणाले, खरी नजर आता ठेवायची, डेंग्यूत बिघडतं ते ताप उतरताना. शेजारून पपईच्या पानांचा रस आला. मामेभावाने किवी आणली. मी बाटलीभर शहाळ्याचं पाणी घेऊन खाटेजवळ बसायचो आणि त्या एकोणीस आठवायचो. तिला आमच्याच घरातला डास चावला की क्लासमधला, हे कोण सांगणार? विषाणू अंगात गेला की ताप यायला चारापासून दहा दिवस लागतात, म्हणजे हिशेब बसतही होता आणि नसतही होता.

त्याच दिवसांत एकदा रात्री आईने विचारलं, "देवाने हे जळार कशाला केले असतील रे?" आई घरात मराठीच बोलते, पण डासाला तिच्या तोंडी कोकणीतला जळारच. डास म्हटलं की तिला तो चावल्यासारखा वाटत नाही म्हणे.

मी शाळेतलं उत्तर दिलं. बेडूक खातात, मासे खातात, चतुर खातात, अन्नसाखळी. आई म्हणाली, "बेडकांना दुसरं काही मिळत नाही?"

या प्रश्नाचा मी नंतर बराच विचार केला. जगात डासांच्या साडेतीन हजारांवर जाती आहेत आणि आपण सगळ्यांना एकाच शिवीत बसवतो. आमचं कुळागर आहे, सावईवेऱ्याच्या बाजूला. पोफळी, माड, मिरवेल, केळी, मधून पाट. जूनमध्ये तिथे संध्याकाळी उभं राहून दाखवावं! पण ते डास निरनिराळे. पोफळीची विरी, म्हणजे झावळीचा रुंद बुंधा, गळून पडते, तिच्या होडीत पाणी साचतं, तिथे एक. अननसाच्या पानांच्या बेचक्यात, वेळूच्या कापलेल्या पेरात, झाडाच्या ढोलीत बहुधा अल्बोपिक्टस. तो मूळचा आशियातल्या रानाचा. खाली शेतात भाताच्या पाण्यात क्युलेक्स. त्याची मादी दोनशे-अडीचशे अंडी उभी चिकटवून पाण्यावर तरंगणारी होडीच बांधते, तांदळाच्या दाण्याएवढी. मुलांना ही होडी दाखवली की पहिल्यांदा वर्ग गप्प होतो. आणि तळ्यातल्या गोंडाळाच्या मुळांना चिकटून राहणारा मॅन्सोनिया. त्याची अळी श्वासासाठी वर येतच नाही, मुळाला भोक पाडून झाडाच्या आतली हवा घेते. मला तर या अळीचं कौतुक वाटतं. हत्तीरोगाच्या एका जातीचा जंतू हीच जमात पसरवते, ते माहीत असूनही.

या कुळागरातल्या डासांना आईच्या प्रश्नाचं उत्तर देता येईल. नर तर रक्ताला तोंडही लावत नाही. फुलांतला मध पिऊन जगतो. मादीसुद्धा उडण्यापुरती ताकद मधातूनच घेते, रक्त लागतं ते अंड्यांसाठी. थंड प्रदेशातल्या एका ऑर्किडचे पराग डास वाहून नेतात. आमच्या तळीत पाणी कधी डासांनी भरलं नाही, कारण तिथे बोटाएवढे मासे आहेत, डोक्यावर चांदीच्या टिकलीसारखा ठिपका असलेले. वरच्या वर फिरतात, अळी वर आली की गट्टम. त्यांच्याच कुळातला अॅप्लोकायलस ब्लॉकी नावाचा मासा गोव्यातच मलेरियाच्या डासाविरुद्ध वापरून पाहिला गेला होता, १९९८ साली त्याचा निबंध छापून आलाय. बाहेरून आणलेले गप्पी सगळ्यांना माहीत, आणि हा आपल्या पाटातला कुणाला माहीत नाही. असो.

चतुर्थीनंतर शेतांवर पिवळे चतुर थव्याने येतात ते बघितलेत ना? लहानपणी आम्ही त्यांच्या शेपटीला दोरा बांधायचो. त्यांची पिल्लं पावसाच्या डबक्यांत वाढतात आणि तिथल्या डासांच्या अळ्यांवर पोसली जातात. हेच चतुर पुढे वाऱ्यावर बसून समुद्र ओलांडतात आणि आफ्रिकेला जातात असं अभ्यासक म्हणतात. त्या प्रवासाच्या शिदोरीत आमच्या भातशेतातले थोडे डास असणारच.

तरी आईचं म्हणणं अगदीच मोडीत काढता येत नाही. डासांवाचून उपाशी मरेल असा बेडूक किंवा वटवाघूळ मला माहीत नाही. वटवाघळाला एका पतंगात मिळतं तेवढं पोट भरायला डास किती गिळावे लागतील! रानात डास म्हणजे जेवणातला पापड. आहे तर बरा, नसला तर कुणी उठून जात नाही.

पण माझ्या फ्रीजमागे कोणता बेडूक होता? कोणता चतुर? एजिप्टी हा रानाचा प्राणीच उरलेला नाही. मूळ आफ्रिकेतला, जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून जगभर गेला आणि माणसाच्या घरात राहायला शिकला. पडद्यामागे झोपतो, टेबलाखाली जेवतो, आपल्याच भांड्यात पोरं वाढवतो. मांजराला निदान दूध घालावं लागतं. याला आम्ही काहीही न करता पाळलं होतं.

दुसरा एक पाळीव गोव्याच्या ओळखीचा, अॅनोफिलिस स्टीफेन्साय, शहरातल्या मलेरियाचा डास. स्वच्छ पाणी लागतं त्याला. विहीर, गच्चीवरची टाकी, नव्या स्लॅबवर क्युरिंगसाठी साठवलेलं पाणी. पणजीत इमारती उठल्या तसं त्याचं फावलं. बांधकामावरच्या मजुरांची रक्ततपासणी आणि आरोग्य कार्ड ही भानगड त्यातूनच आली. गंमत अशी, की हा आपल्या बाजूचा डास २०१२ मध्ये आफ्रिकेत जिबुतीला सापडला आणि आता तिथल्या शहरांत मलेरिया पसरवतोय. त्यांनी एजिप्टी पाठवला, आपण स्टीफेन्साय. फिट्टंफाट.

जुन्या गोव्याची चर्चच्या रस्त्यावरून जाताना नेहमी आठवण होते. तापाने आणि पटकीने पोर्तुगीजांचं ते राजधानीचं शहर पोखरलं, माणसं निघून गेली, शेवटी १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. त्या लोकांना तापाचं कारण हवा वाटायचं. मलेरिया या शब्दाचा अर्थच मुळी वाईट हवा. संध्याकाळी खिडक्या लावून घेत असतील बिचारे आणि विहिरीचं पाणी आत भरून ठेवत असतील. खरं कारण कळलं २० ऑगस्ट १८९७ ला, सिकंदराबादला. रोनाल्ड रॉस या ब्रिटिश डॉक्टरने हुसेन खान नावाच्या रुग्णाला डास चाववून घेतले, दर डासामागे एक आणा देऊन, आणि मग त्या डासांची पोटं फाडून बघितली. रॉसला १९०२ मध्ये नोबेल मिळालं. हुसेन खानाला आणे.

मुलगी सहाव्या दिवशी घरी आली. केस गळतायत म्हणून कुरकुर करायला लागली तेव्हा आम्ही समजलो, बरी झाली. मी दर रविवारचा नेम धरला. फ्रीज ओढायचा, ट्रेमधलं पाणी ओतायचं, तुळशीच्या कुंडीखालची बशी पालथी करायची, माडाखालच्या करवंट्या गोळा करून नारळाच्या सोडणांबरोबर बंबात घालायच्या. आई धुरी घालते संध्याकाळी, तीही चालू. धुराने डास जातात की आम्हीच जातो, हा वाद आमच्याकडे आजोबांपासून आहे.

सप्टेंबरमध्ये त्या दोघी परत आल्या. या वेळी मी पायरीवर काही बोललो नाही. स्वतःच फ्रीज ओढला आणि बाजूला झालो. ताईंनी टॉर्च मारला. ट्रेच्या तळाला कालपासून साचलेलं चमचाभर पाणी, आणि त्यात दोन. अगदी बारीक, दोऱ्याच्या तुकड्यासारख्या.

"रविवारीच ओतलं होतं हो," मी म्हटलं.

"ओतलं, पण घासलं नाही ना सर," ताई म्हणाल्या. "ही पाण्यात नाही घालत अंडी. कडेला चिकटवते, पाण्याच्या जरा वर. सुकून महिनोन्महिने राहतात. पाणी चढलं की फुटतात."

मला हे माहीत होतं. दर वर्षी फळ्यावर मीच आकृती लावतो, अंडी काठावर, काळी, सुटी सुटी. दुसऱ्या ताई वहीत काहीतरी लिहीत होत्या. पहिलीने ट्रे बाहेर काढून नळाखाली धरला आणि आईकडे वळून विचारलं, "आजी, नारळाची शेंडी आहे का घासायला?"