भूषा ते मणिबेली : दोन इंजिनांची वेगवान बोट आणि पेट्रोलचा हिशेब

धुळ्याहून दोंडाईचा, सारंगखेडा, शहादा, म्हसावद असा रस्ता धरून ट्रेलरवरची बोट सातपुड्याच्या घाटातून धडगावला आणायची आणि पुढे भूषाच्या काठावर नर्मदेत उतरवायची, हे नकाशावर पाहताना फारसे अवघड वाटत नाही. खरी अडचण पाण्यात उतरल्यावर सुरू होते. सरदार सरोवराच्या फुगवट्याला, म्हणजे धरणामागे तुंबलेल्या पाण्याला, लागून असलेला महाराष्ट्राचा काठ सुमारे 54 किलोमीटरचा आहे आणि या काठावर बोटीला पेट्रोल मिळेल असे एकही ठिकाण नाही. त्यामुळे भूषाहून धरणाच्या दिशेने मणिबेलीपर्यंत जाऊन परत यायचे असेल, तर टाकीत असेल तेवढ्यावरच सगळे भागवावे लागते.

येथेच पहिली सूचना करतो. पेट्रोल कॅनमध्ये भरून नेण्याचा विचार सोडून द्यावा. पेट्रोलियम अधिनियम, 1934 नुसार परवान्याविना ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पेट्रोल बाळगता किंवा वाहून नेता येत नाही, आणि तेवढ्या इंधनाने या बोटीचे पुरते भागत नाही. बोट ट्रेलरवर असतानाच शहाद्याच्या पंपावर तिची स्वतःची टाकी भरून घ्यावी. टाकी काठोकाठ मात्र भरू नये, कारण घाटाच्या चढ-उतारात आणि उन्हात पेट्रोल फुगते आणि हवेच्या नळीतून बाहेर येते.

आमची बोट 24 फुटी, फायबरची, मागे 115 अश्वशक्तीची दोन चार-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून टांगलेली, इंजिने असलेली आहे. अशा बोटीचे मालक बहुधा ताशी किती लिटर जळते तेच सांगतात, पण तो आकडा एकटा निरुपयोगी आहे. जीपीएसवरचा वेग भागिले दोन्ही इंजिनांचा ताशी एकूण खप, म्हणजे एका लिटरला किती किलोमीटर, हाच आकडा पाहावा. आणि वाऱ्याचा परिणाम निघून जावा म्हणून एकाच टप्प्यावर जाताना व येताना मोजून त्याची सरासरी घ्यावी. फुगवट्याचे पाणी जवळजवळ स्थिर असल्यामुळे अशा मोजणीला नदीच्या वाहत्या पात्रापेक्षा ही जागा कितीतरी चांगली आहे.

आमच्या मापनात आलेले आकडे ढोबळमानाने असे आहेत. इंजिने मिनिटाला हजार फेऱ्यांवर ठेवली, तर बोट ताशी 8 किलोमीटरने सरकते, 6 लिटर जाळते आणि लिटरला 1.3 किलोमीटर देते. अडीच हजार फेऱ्यांवर वेग 17 होतो, खप 20 लिटरवर जातो आणि लिटरमागे 0.85 किलोमीटरच पडतात. चार हजार फेऱ्यांवर बोट पाण्यावर चढलेली असते, म्हणजे पाणी कापण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावरून घसरत असते. वेग 42, खप 38 लिटर, म्हणजे लिटरला 1.1 किलोमीटर. थ्रॉटल पूर्ण उघडला की वेग 63 पर्यंत जातो, खप 80 लिटरला भिडतो आणि हिशेब पुन्हा 0.8 च्या खाली येतो.

या आकड्यांतला अडीच हजारांचा टप्पा नीट पाहण्यासारखा आहे, कारण बहुतेकांचे पेट्रोल तेथेच वाया जाते. या वेगाला बोट धड पाण्यात नसते आणि धड पाण्यावरही नसते. नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, आभाळाकडे उचललेली, मागची बाजू पाण्यात रुतलेली आणि आपणच उठवलेल्या लाटेचा चढ बोट सतत चढत राहिलेली, अशी ती अवस्था असते. समोरचे दिसत नाही म्हणून चालवणारा घाबरून थ्रॉटल किंचित कमी करतो आणि त्याच अवस्थेत मैलोन्मैल चालत राहतो. वर आपण सावकाश चाललो म्हणून पेट्रोल वाचवले असे समाधानही मानतो. खरे तर दोनच वेग परवडतात. एकतर अगदी मंद, ज्यात मागची लाट फुटत नाही. नाहीतर बोट पाण्यावर चढल्यानंतर ती तशीच टिकून राहील असा किमान वेग. मधला पट्टा दहा-बारा सेकंदांत दमदार थ्रॉटल देऊन ओलांडावा आणि नाळ खाली येऊन बोट सपाट झाली की लगेच फेरे कमी करावेत.

दोनपैकी एक इंजिन बंद ठेवले तर खप निम्मा होईल, ही समजूत फार पसरलेली आहे. ती आम्ही या प्रवासात मुद्दाम तपासून पाहिली. एका इंजिनावर बोट पाण्यावर चढलीच नाही. थ्रॉटल पूर्ण उघडूनही फेरे 3,800 च्या पुढे गेले नाहीत, कारण दोघांनी ओढायचा भार एकट्यावर पडला होता आणि त्या भारासाठी पंख्याची पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जेवढे अंतर पुढे सरकायला हवा ते माप, जास्त होती. वेग 14, खप 22 लिटर, म्हणजे लिटरला 0.64 किलोमीटर, सर्व आकड्यांत वाईट. शिवाय असे दाबून चालवल्याने इंजिन तापते, ते वेगळेच. मंद वेगात मात्र हा उपाय लागू पडतो. चिमलखेडीच्या अलीकडे काठाकाठाने हळू जाताना एक इंजिन बंद करून ते पाण्याबाहेर उचलून घेतले, तेव्हा खप स्पष्टपणे उतरला. बंद इंजिन पाण्यातच ठेवले, तर त्याचा पंखा ओढ निर्माण करतो आणि वाचलेले पेट्रोल तेथे जाते.

दोन्ही इंजिने चालू असताना त्यांचे फेरे सारखे हवेत. एक बैल पुढे आणि एक मागे अशी जोडी असली की जू तिरपे होते आणि नांगर सरळ जात नाही, तसेच येथे घडते. सुकाणू सतत एका बाजूला धरून ठेवावे लागते आणि ती दुरुस्ती म्हणजे निव्वळ ओढ असते. काट्यांवर पूर्ण विसंबू नये, कान द्यावा. फेऱ्यांत फरक असेल तर घरघर कमी-जास्त होत लाटेसारखी ऐकू येते. फरक मिटत गेला की ती लाट लांबत जाते आणि सूर एक झाला की थांबते.

ट्रिमचे, म्हणजे इंजिनांचा कल आत-बाहेर करण्याचे, कामही हातानेच शिकावे लागते. बोट उठवताना दोन्ही इंजिने पूर्ण आत ओढलेली असावीत. बोट सपाट झाली की बटणाला छोटे-छोटे स्पर्श देत ती बाहेर न्यावीत. फेरे थोडे वाढतात, सुकाणूचे चाक हलके होते आणि तुषार बोटीच्या कडेला मागे मागे सरकतात. नाळ वर-खाली डुलू लागली की एक स्पर्श आत घ्यावा आणि तेथेच थांबावे. थ्रॉटलला हात न लावता आमचा वेग एवढ्यानेच ताशी तीन किलोमीटरने वाढला. सामानाची जागाही यात मोडते. 200 लिटर पेट्रोलचेच सुमारे 150 किलो होतात. त्यात नांगर, बर्फाची पेटी आणि माणसे सगळी नाळेकडे बसली, तर तळाचा जास्त भाग पाण्याला घासतो. तळात साचलेले पाणी निघण्यापूर्वी उपसून टाकावे आणि बोट बरेच दिवस पाण्यातच बांधलेली असेल, तर तळावरचे शेवाळ घासून काढावे.

पंख्याविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. आमच्या इंजिनांचे गिअर प्रमाण 2.15, म्हणजे इंजिनाच्या 2.15 फेऱ्यांना पंख्याचा एक फेरा, आणि पंख्याची पिच 17 इंच आहे. चार हजार फेऱ्यांना त्याने न घसरता ताशी सुमारे 48 किलोमीटर कापायला हवेत. आम्हाला 42 मिळाले, म्हणजे घसरण 13 टक्के. अशा बोटीला 10 ते 15 टक्के घसरण रास्त मानतात. ती अचानक वाढली, तर पंखा पाहावा. या जलाशयात बुडालेल्या झाडांचे बुंधे ठिकठिकाणी आहेत आणि उन्हाळ्यात पातळी उतरली की ते पृष्ठभागाच्या अगदी जवळ येतात. पात्याच्या कडेला नखाएवढी खाच पडली, तरी तेथून पाणी फाटते. कानशीने ती गुळगुळीत करता येते. पाते वाकले असेल, तर बदली पंखा बसवावा. तो, पाना आणि जादा पिन जवळ असलीच पाहिजे. मासेमारीच्या जाळ्याची दोरी पंख्याच्या दांड्यात अडकली आहे का, हेही तेव्हाच पाहून घ्यावे.

वेळ निवडताना दिवाळीनंतरचा काळ घ्यावा. तेव्हा पाणी बहुधा 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीच्या आसपास असते, बुंधे खोल असतात आणि सकाळी वारा नसतो. दुपारी दरीतून वारा चढला की आखूड लाटा उठतात आणि वेग टिकवायला फेरे वाढवावे लागतात. एकूण पेट्रोलचा एक भाग जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक राखीव, हा नियम येथे कसोशीने पाळावा. शंभर किलोमीटरला बेताच्या वेगात 91 लिटर पुरतात, पण पूर्ण थ्रॉटलला 127 लागतात; हा फरकच राखीव साठा खाऊन टाकतो. काठावरच्या पावरा व भिल्ल वस्त्यांची बरीचशी ये-जा लहान होड्यांवर चालते, आणि आरोग्य खात्याची बोट अॅम्ब्युलन्सही याच पाण्यावर फिरते. होडी दिसताच दुरूनच वेग पूर्ण उतरवावा. येथे पेट्रोलचा विचार करू नये. बोटीची नोंदणी व जलाशयात उतरण्याची परवानगी आधीच घ्यावी. समोरचा काठ दुसऱ्या राज्याचा आहे, हेही ध्यानात असावे.

आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते. इथेनॉलची ऊर्जा कमी असल्याने शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत प्रत्येक लिटरमागे सहा-सात टक्के तोटा धरूनच हिशेब मांडावा. बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिकांमध्ये 10 टक्क्यांचीच मर्यादा दिलेली असते, तेव्हा आपल्या इंजिनासाठी कंपनीने काय म्हटले आहे ते निघण्यापूर्वी वाचावे. असे पेट्रोल हवेतली ओल शोषते आणि पाणी जास्त झाले की इथेनॉल त्याच्यासह खाली बसते. पाणी वेगळे करणारा गाळक दोन्ही इंजिनांना स्वतंत्र हवा. परतल्यावर भूषाच्या काठावरच आम्ही गाळकांच्या दोन्ही वाट्या उघडून पाहिल्या. उजव्या वाटीच्या तळाशी चमचाभर गढूळ पाणी होते, डावी कोरडी होती. याचा अर्थ पाणी टाकीत नसून उजव्या नळीच्या जोडातून शिरत होते, आणि तो जोड बदलल्याशिवाय पुढची फेरी करणार नाही.