सांगलीत समुद्राचे पाणी : पहिल्या खाऱ्या टँकचा माझा अनुभव

रत्नागिरीला झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय पाहून परतताना, आंबा घाट चढायच्या आतच मी ठरवून टाकले होते की घरी खाऱ्या पाण्याचा टँक करायचा. गप्पी आणि गोल्डफिश मी अनेक वर्षे सांभाळले होते, त्यामुळे तोच फिल्टर, तसाच टँक आणि वर थोडे मीठ एवढ्यावर भागेल अशी माझी समजूत होती. विश्रामबागेतल्या आमच्या घरात प्रत्यक्ष मासा येईपर्यंत पाच महिने गेले, आणि त्यांतले निदान दोन तरी साहित्य उलट्या क्रमाने घेतल्यामुळे वाया गेले.

मी आधी काचेचा टँक आणि निळा-पांढरा एलईडी दिवा घेतला, कारण दुकानात डोळ्यांत भरतात त्या याच दोन वस्तू. टँक ३६ × १८ × १८ इंचांचा आहे. काठोकाठ भरला तर १९० लिटर, पण वाळू-दगड आणि वरची रिकामी जागा वजा जाता पाणी साधारण १६० लिटर. सगळे मिळून वजन सव्वादोनशे किलोंच्या पुढे जाते, म्हणून लोखंडी अँगलचा स्टँड करून घेतला, त्याला इपॉक्सी रंग दिला आणि काचेखाली थर्माकोलची शीट घातली. महागडा दिवा मात्र दीड महिना खोक्यातच राहिला. तो प्रवाळांसाठी लागतो. नुसत्या माशांना साधा दिवाही पुरतो. समुद्रातले प्रवाळ काढणे आणि विकणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा असल्यामुळे प्रवाळांचाच काय, जिवंत म्हणून विकल्या जाणाऱ्या दगडाचाही (म्हणजे जिवाणू वसलेल्या मृत प्रवाळाचाही) विचार मी सोडून दिला आणि पाणी साफ ठेवणाऱ्या जिवाणूंना घर म्हणून सच्छिद्र सिरॅमिकचे तुकडे घेतले.

खरी ठेच लागली ती पाण्याला. रत्नागिरीहून कॅनमध्ये समुद्राचे पाणी आणावे असे आधी मनात होते, पण दर महिन्याला घाट उतरणे जमणारे नव्हते, शिवाय पावसाळ्यात किनाऱ्यालगतचे पाणी नद्यांच्या पुरामुळे पातळ होते. मग तयार सागरी मिठाची पिशवी मागवली आणि स्वयंपाकघरातल्या आरओच्या पाण्यात ते विरघळवले. हे पाणी शुद्धच असणार, असे मी गृहीत धरले होते. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर हाती आल्यावर त्यात ६० चा आकडा दिसला, कारण पिण्याच्या यंत्रात चवीसाठी मूळ पाण्याचा थोडा अंश मुद्दाम परत मिसळलेला असतो. टँकला हवा होता शून्य. त्यासाठी आरओपुढे उरलेले क्षारही शोषून घेणाऱ्या डीआय रेझिनचा डबा जोडून निराळे यंत्र बसवावे लागले. त्यातून वाया जाणारे पाणी आता फरशी पुसायला आणि बागेला जाते.

दुसरी चूक मोजण्याची. दुकानदाराने दिलेल्या प्लॅस्टिकच्या हायड्रोमीटरवर, म्हणजे खारटपणा दाखवणाऱ्या काट्याच्या साधनावर, विशिष्ट गुरुत्व (गोड्या पाण्याच्या तुलनेतली घनता) हवे तसे १.०२५ दिसत होते आणि मी निश्चिंत होते. पुढे प्रकाशाच्या वक्रीभवनावरून खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर उसना आणून तो हजारी ३५ क्षारतेच्या प्रमाण द्रावणावर लावून घेतला आणि त्यातून पाहिले, तर प्रत्यक्षात १.०२१ भरले. हायड्रोमीटरच्या काट्याला हवेचे बारीक बुडबुडे चिकटले की काटा वर उचलला जातो आणि खारटपणा आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. त्यानंतर मी स्वतःचा रिफ्रॅक्टोमीटर घेतला. आता मीठ लिटरला सुमारे ३६ ग्रॅम पडते, म्हणजे पूर्ण टँकला सहा किलोंच्या आसपास. पलूसकडे शेती करणारे माझे मामा हे वजन करणे पाहून म्हणाले, “अगं, आम्ही रानातलं मीठ निघावं म्हणून जमिनीत पाइप गाडतोय, आणि तू विकत आणून पाण्यात घालतीयस?” कृष्णाकाठच्या क्षारपडीने पोळलेल्या माणसाला याचे उत्तर देणे कठीण होते.

स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र) आणि वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह खेळता ठेवणारा पंप) यांबाबत फारशी अडचण आली नाही. खाऱ्या पाण्यात हवेचे अतिबारीक बुडबुडे टिकतात, त्यांच्या पृष्ठभागाला प्रथिनयुक्त घाण चिकटते आणि फेस होऊन वरच्या कपात जमा होते. तो कप धुताना नाकाला पदर लावावा लागतो, एवढेच.

एप्रिलमध्ये मात्र खोलीबरोबर टँकही तापला आणि पारा ३१ अंशांवर गेला. माशांना २४ ते २७ अंश मानवतात, आणि पाणी जितके गरम तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. आधी पृष्ठभागावर वारा घालणारे छोटे पंखे लावले. तापमान अडीच-तीन अंशांनी उतरले, पण रोज तीन लिटर पाणी उडू लागले. उडते ते फक्त पाणी, मीठ मागेच राहते; म्हणून भर घालायची ती गोड्या, शून्य टीडीएसच्या पाण्याचीच. हे कळायच्या आधी मी दोन दिवस खारे पाणीच ओतत होते. शेवटी जुना चिलर घेतला आणि तो खिडकीबाहेर ठेवला, कारण तो पाण्यातून काढलेली उष्णता खोलीतच सोडतो. वीज गेल्यावर निदान वेव्हमेकर चालू राहावा म्हणून तो इन्व्हर्टरवर घेतला.

जिवाणू वाढवण्यासाठी आधी माशांविना टँक चालवण्याचे सायकलिंग अमोनियम क्लोराइडचे थेंब घालून केले. जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात; टेस्ट किटमध्ये पहिले दोन्ही शून्यावर यायला ३८ दिवस लागले. या काळात काचेवर तपकिरी शेवाळ आले आणि बरेचसे आपोआप गेलेही. पाहुणे रिकाम्या टँककडे बघून मासे मेले का, असे विचारत.

मग क्लाउनफिशची जोडी आणली, आणि ती मुद्दाम कृत्रिम प्रजननातून वाढवलेलीच मागितली. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांच्या प्रजननाचे तंत्र विकसित केलेले आहे. पिशवीतल्या पाण्यात तासभर थेंबथेंब टँकचे पाणी सोडून मगच दोघांना आत घेतले. क्लाउनफिश जन्मतः सगळे नर असतात आणि जोडीतला वरचढ मासा पुढे मादी होतो. आमच्याकडे ते अजून ठरलेले नाही. सध्या वेव्हमेकरखालच्या कोपऱ्यावरून दोघांची धुसफूस चालू आहे.