तुम्ही विचारलंत म्हणून: सामोअन झाडांच्या नावांची यादी

‘एका रकान्यात सामोअन नाव, समोर मराठी नाव आणि शेवटी उपयोग, अशी यादी मिळेल का?’ हा प्रश्न वरचेवर येतो. विचारणारे बहुतेक ऑकलंडकडे राहणारे मराठी लोक असतात. शेजारी सामोअन, म्हणजे प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवरचं, कुटुंब, बाजारात अळूचे मोठे गड्डे, शहाळी, कच्ची केळी. जिन्नस सगळे ओळखीचे, नावं तेवढी अनोळखी. यादी करायला काहीच हरकत नाही, फक्त ती नारळापाशीच अडते.

‘नारळ’ या शब्दासमोर काय लिहाल? नीऊ म्हणजे झाड, आणि प्यायचं कोवळं फळही. तेच फळ जून होऊन खवण्याजोगं झालं की पोपो. पोपोचा चव पिळून निघालेला दाट रस पे’एपे’ए. सोडण पुलू, करवंटीची वाटी इपू, झावळी लाऊनीऊ, ती विणून केलेला झाप पोला, पातीतला हीर तुआनीऊ आणि काथ्याची वेणी ’आफा. कोकणातल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. आपणही शहाळं, नारळ, खोबरं, सोडण, करवंटी, झावळी, हीर, काथ्या असे वेगळे शब्द ठेवलेच आहेत, आणि शहाळं खवून कुणी सोलकढी करत नाही. सामोअन माणसाकडे रस काढायला म्हणून नीऊ मागितलात, तर तो शहाळं तासून हातात देईल. चूक त्याची नाही.

’आफाचं उदाहरण जरा जवळून बघू. त्यासाठी कुठल्याही नारळाचं सोडण चालत नाही. नीऊ ’आफा ही लांबट फळाची, लांब धाग्याची वेगळी जात आहे. फळ पूर्ण वाळायच्या आत सोडण काढायचं, कारण वाळल्यावर धागा ठिसूळ होतो. मग ते खाजणाच्या उथळ पाण्यात दगडांखाली काही आठवडे कुजवायचं. घाई केली तर धाग्यांमधला भुसा सुटत नाही आणि पुढे कितीही बडवलं तरी दोरी खरखरीतच राहते. कुजलेलं सोडण बडवून, धुऊन, वाळवायचं, धागे मांडीवर वळून बारीक पेळू करायचे आणि तीन पेडांची चपटी वेणी घालायची. जुन्या पद्धतीच्या फाले, म्हणजे सामोअन घराच्या, वाशांना खिळा नसे. सगळे सांधे या वेणीनेच बांधलेले असत.

आता उच्चार, कारण तो चुकला की पुढचं सगळं चुकतं. सामोअन लोक रोमन लिपीत जिथे ‘जी’ लिहितात, तिथे ‘वाङ्मय’मधला ङ म्हणायचा. हळदीचं नाव आगो नाही, आङो. दुसरी गोष्ट म्हणजे तो वरचा स्वल्पविराम. घशात श्वास क्षणभर अडवायचा, ते एक पूर्ण व्यंजन आहे. उलू म्हणजे डोकं आणि ’उलू म्हणजे नीरफणस. इ’ए म्हणजे साल बडवायचं लाकडी बडवणं आणि ’इए म्हणजे कापड. खूण एका अक्षराने सरकली की हत्याराचं वस्त्र होतं. छापील मजकुरात ही खूण बऱ्याचदा गाळतात. सामोअन वाचकाला संदर्भाने कळतं, आपल्याला नाही. शिवाय रोजच्या बोलण्यात ‘त’चा ‘क’ होतो. लिहिताना तालो, बोलताना कालो. दोन वेगळी झाडं समजू नका.

पानासाठी लाऊ हा शब्द पुढे लागतो आणि तो दिसला की नावातच वस्तू कळते. केवड्याच्या कुळात याचा खरा उपयोग होतो. आपण एका शब्दात ‘केवडा’ म्हणून मोकळे होतो, तिथे विणकामाच्या पानाचे निदान तीन प्रकार आहेत. लाऊपाओङो जाडंभरडं, खालच्या चटयांसाठी. लाऊफाला रोजच्या वापरातल्या चटयांचं. आणि लाऊ’इए सगळ्यात बारीक, ’इए तोङा या मानाच्या चटईचं. लाऊ’इएचे काटे काढतात, पानं उकळतात, मग पानाचे दोन पदर सोलून वेगळे करतात. वरचा तकतकीत पदर तेवढा ठेवायचा. तो समुद्राच्या पाण्यात भिजवून उन्हात वाळवला की पांढरट होतो, आणि मग त्याच्या दोऱ्यासारख्या पट्ट्या काढायच्या. एका चटईला महिनेच्या महिने जातात. अंथरायला ती नसतेच. लग्न, मर्तिक, पदग्रहण अशा प्रसंगी ती दिली-घेतली जाते. 2019 मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत तिची नोंद केली. या चटईपुढे तुम्ही ‘केवडा’ लिहिलंत तर चूक म्हणता येणार नाही, पण कुणाला काही कळणारही नाही.

सालीच्या कापडाचं, सियापोचं, काम तर अख्खी बागच मागतं. मूळ झाड उ’आ, तुतीच्या कुळातलं. लावल्यापासूनच बाजूचे फुटवे खुडत राहायचं, कारण जिथे फांदी फुटली तिथे सालीला भोक पडतं. साधारण वर्षाने सोटा अंगठ्याहून जरा जाड झाला की तोडायचा आणि त्याच दिवशी साल सोलायची. सोटा वाळला की ती सलग निघत नाही. बाहेरची हिरवी-तपकिरी साल वेगळी करून आतली पांढरी ठेवायची, पाण्यात भिजवायची आणि उतरत्या फळीवर पाणी सोडत शिंपल्यांनी खरवडायची. शिंपले तीन जातींचे, जाड धारेपासून बारीक धारेपर्यंत. या पायरीवर आळस केला तर उरलेले हिरवे कण पुढे काळे डाग होऊन दिसतात, आणि ते नक्षीखालीही लपत नाहीत. मग इ’एने बडवायचं. पट्टी घडी करून बडवली की रुंदीला कितीतरी पटींनी पसरते. शेवटी कडांना दगड ठेवून वाळवायची, नाहीतर ती आकसते.

भोकांना ठिगळं आणि थराला थर चिकटवायला खळ लागते ती मासोआची. हा कोनफळाच्या लांबच्या नात्यातला पिठूळ कंद. गड्डा अर्धवट शिजवून सरळ कापडावर घासतात. आणि रंग? ’ओ’आ झाडाच्या आतल्या सालीचा कीस पिळला की तपकिरी रस निघतो. ताजा असताना फिकट, दिवसेंदिवस गडद. दुसरे रंग कालवायलाही तोच. खोडाला चहूबाजूंनी साल काढली तर झाड मरतं, म्हणून एका अंगानेच खरवडायची. काळा रंग लामाच्या काजळीचा. लामा म्हणजे जंगली अक्रोड. तेलकट गर जाळून काजळी धरायची. गोंदणाची, म्हणजे तातावची, शाईही पूर्वी हीच. लाल रंग लोआचा, पिवळा आङोचा. नक्षीची पाटी उपेती. कापड तिच्यावर ठेवून रंग घासला की नक्षी उमटते. हाताने रंगवायला कुंचला म्हणून केवड्याच्या फळाची वाळकी कुडी वापरतात, तिचं टोक आपोआप ब्रशसारखं झिजतं.

यात लोआ म्हणजे आपली शेंदरी. हे झाड मूळचं अमेरिकेतलं. नाव छोटं आणि अस्सल वाटलं म्हणून झाड जुनं असेलच असं नाही, हे लक्षात ठेवलेलं बरं. उलट काही नावं झाड बाहेरून आल्याचं सरळ सांगतात. फुए सायना म्हणजे चिनी वेल, तालो पालाङी म्हणजे गोऱ्यांचा अळू.

अळूवर आलोच आहोत तर पालुसामीबद्दल, म्हणजे अळूच्या पानात नारळाचा रस बांधून भाजलेल्या पदार्थाबद्दल. इथे सगळ्यांचं एकच गाऱ्हाणं: घशाला खाज सुटली. लू’आऊ म्हणजे तालोचं कोवळं पान, नुकतं उलगडलेलं. जून पानाला हा शब्द लागत नाही आणि जून पान चालतही नाही. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात. चार-पाच पानं तळहातावर एकावर एक, मधली जाड शीर काढून. त्यात अर्धी वाटी पे’एपे’ए, पाणी न घालता पहिल्यांदा पिळलेला. चिरलेला कांदा, मीठ. पुरचुंडी करून शेकून मऊ केलेल्या केळीच्या पानात, वरून नीरफणसाच्या पानात गुंडाळायची आणि उमूत, तापलेल्या दगडांच्या भट्टीत, ठेवायची. घरच्या ओव्हनला 180 अंशांवर तासभर तरी द्या. आपण चिंच-आमसूल घालून खाजेचा बंदोबस्त करतो. तिथे आंबट नसतंच, त्यामुळे कोवळं पान आणि वेळ यांवरच सगळी भिस्त. ता’आमू हा मोठा अळू दिसायला भाऊच, पण त्याचं पान यात घालू नका.

जातीचं नाव किती महत्त्वाचं, ते 1993 मध्ये सामोआला भलतंच महागात पडून कळलं. पानांवरचा करपा आला, फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाचा. निर्यातीचा मुख्य माल होता तालो निउए या जातीचा, आणि नेमकी तीच जात त्याला बळी पडली. ‘तालो = अळू’ एवढ्या नोंदीत ही गोष्ट मावत नाही.

औषधी झाडांबद्दल विचारणारे सगळ्यात जास्त, म्हणून इथे जरा स्पष्टच सांगते. ला’आऊ म्हणजे झाड आणि वाइ ला’आऊ म्हणजे औषध, शब्दशः ‘झाडाचं पाणी’. झाडपाल्याचं औषध देणारी ती ताउलासेआ. मातालाफीची पानं चुरून पिळलेला रस दाह आणि तापावर देतात, भुताखेताने धरलं असं मानलं जातं त्या आजारातही. 2021 मध्ये सामोआतल्याच संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात प्रयोगशाळेतल्या पेशींवर या रसाचा दाहशामक परिणाम आयब्युप्रोफेनच्या तोडीचा दिसला. पेशींवर, माणसांवर नव्हे.

मामालाची गोष्ट अधिक बोलकी आहे. त्याच्या सालीचं पाणी फिवा सामासामावर, म्हणजे काविळीवर, देत. सामासामा म्हणजे पिवळं. सवाई बेटावरच्या फालेआलुपो गावात पॉल कॉक्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते नोंदलं. पुढे सालीतून प्रोस्ट्रॅटिन हे द्रव्य मिळालं, एचआयव्हीवरच्या संशोधनात त्याचं नाव झालं, आणि 2004 मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने सामोआ सरकारशी उत्पन्नात निम्म्या वाट्याचा करार केला. पण कॉक्सच्या नोंदीतली खरी मोलाची गोष्ट वेगळी आहे. जाणकार बायका मामालाचे दोन प्रकार मानत, त्यातला एकच वापरत, आणि तोही ठरावीक आकाराच्या झाडाचा. नाव दोघांचं एकच. यादी हातात घेऊन जंगलात गेलेला माणूस हमखास चुकीची साल घेऊन येईल. झाड एरंडाच्या कुळातलं, म्हणजे चिकाचं आणि बेभरवशाचं. घरी प्रयोग करू नका.

जिथे यादी सरळ जमते तिथली नावं घ्या: फेताऊ म्हणजे उंडी. नोनू म्हणजे बारतोंडी. एसी म्हणजे पपई. फाऊ म्हणजे खाडीकाठचा बेलपाटा, सकाळी पिवळं आणि संध्याकाळी तांबूस होऊन गळणारं फूल. त्याच्या सालीच्या धाग्यांच्या जुडीने ’आवा गाळतात. ’आवाचं झाड मिरी आणि नागवेलीच्या कुळातलं. मुळं कुटून थंड पाण्यात कालवायची. गरम पाण्याने त्यातला पिष्ट फुगतो आणि जुडी चोंदते.

आङोचं काय ते राहिलं. कंद किसून पाण्यात धुतात, तळाशी बसलेला साका वाळवून नारिंगी भुकटी करतात, तिचं नाव लेङा. पे’आ, म्हणजे पुरुषाचं कमरेपासून गुडघ्यापर्यंतचं गोंदण, पुरं झालं की खोबरेल तेलात लेङा कालवून त्याच्या अंगाला चोपडतात. त्या विधीला सामाङा म्हणतात. तुमच्या यादीत ‘आङो = हळद’ लिहायला माझी ना नाही. फक्त आमटीत घालायला लेङा मागू नका.