कोणाशी बोलत होतीस?

“हो बाबा, आलेच. गेटपाशीच थांबा.”

रात्रीचे साडेआठ. मोबाईल कानाला लावून भाची लायब्ररीच्या पायऱ्या उतरत होती. मी तिला न्यायला आले होते, तिने मला पाहिलंच नव्हतं. आणि तिचे बाबा तर नाशिकला असतात.

“कोणाशी बोलत होतीस गं?”

“कोणाशीच नाही, मावशी. पार्किंगमागच्या वाटेवर दिवा नाही ना, म्हणून रोज असंच बोलत जाते. सगळ्याच जणी करतात.”

सगळ्याच जणी. किती सहज म्हणाली! छत्री घेऊन निघावं तितक्या सहज. मला मात्र पुढे दोन मिनिटं बोलताच येईना.

रिक्षात विचारलं, कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीत, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीत, कोण आहे? तिला नाव सोडाच, अशी समिती असते हेच ठाऊक नव्हतं. त्यासाठी 2013चा कायदा आहे, यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) 2015चे नियम आहेत. तक्रार विद्यार्थ्याशी संबंधित असेल तर समितीत विद्यार्थी प्रतिनिधीही असावे लागतात. हे पहिल्याच दिवशी कोणी सांगायला नको? आणीबाणीचा 112 नंबर तेवढा पाठ होता. रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा 1800-180-5522 तिथेच सेव्ह करून घेतला.

पण मन अडकलंय ते त्या वाटेवर. तिथे एक दिवा हवा. उद्या प्राचार्यांकडे लेखी अर्ज देतेय, मैत्रिणींच्या सह्या ती गोळा करणार आहे.

तुमच्या घरातल्या मुलीला विचारलंत का कधी, अंधारातून येताना ती फोनवर कोणाशी बोलते?